भरलेली टाकी

आमच्या गावच्या शाळेत शिपाई नेमायचा प्रश्न आला तो पुंजाजीच्या गुडघ्यांमुळे. सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेला सरकारकडून शिपाई मिळत नाही. म्हणून ग्रामपंचायत थोडंफार मानधन काढते आणि गावातलाच कोणी माणूस कुलपं उघडणं, झाडलोट, घंटा, पाण्याची टाकी आणि संडास असं सगळं बघतो. पुंजाजीने ते पुष्कळ वर्षं बघितलं. म्हणजे संडास सोडून बाकीचं बघितलं. संडासाच्या दारांना त्याने कधीचं कुलूप घालून ठेवलं होतं. कोणी विचारलं की म्हणायचा, "किल्ली सापडून न्हाई राहिली." पुढे टाकीची शिडी चढवेना तेव्हा त्याने किल्ल्यांचा जुडगा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि घरी गेला.

मी याच शाळेत शिकवलं. निवृत्त झालो तरी दुपारी शाळेत जातोच. वाचनात मागे पडलेली पोरं असतात, त्यांना घेऊन व्हरांड्यात बसतो. अक्षरावर बोट ठेवून चालणाऱ्या पोराला एक दिवस बोट न ठेवता वाचता येतं. तो दिवस पाहायला मिळतो म्हणून जातो. मी समितीवर नाही, पण बैठक असली की मला खुर्ची देतात.

त्या शनिवारीही दिली. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष बालाजी. माझाच विद्यार्थी. भागाकारात कच्चा होता, स्वभावाने गोड. अजूनही गोडच बोलतो. पुंजाजीचा पुतण्या सोनाजी कामासाठी तयार होऊन आला होता, डोक्याला तेल लावून.

मुख्याध्यापक संतराम सर म्हणाले, "ह्या वेळी संडास उघडायचे आहेत. ते धुवावे लागतील."

"ते कायला? चुलता तर धूत नव्हता."

"म्हणून तर मोठ्या पोरी दुपारी घरी जातात, त्या परत येत नाहीत."

"तसं असंल तर मला न्हाई जमत." सोनाजीने सगळ्यांकडे बघितलं. "मला वासाची तकलीफ हाय."

मागून कोणी म्हणालं, "म्हशीच्या गोठ्यात झोपतो अन् म्हणतो वासाची तकलीफ!"

सगळे हसले. सोनाजीही हसला. हसण्यात ती गोष्ट संपली. कोणी त्याला आग्रह केला नाही.

दुसरा अर्ज शीतलचा होता. ती व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होती. भीमनगरातली, म्हणजे गावाच्या बौद्ध वस्तीतली. दहावी पास. नवरा प्रेमानंद पुण्याला सेंटरिंगच्या कामावर होता आणि दर फोनला म्हणत होता की तुम्ही दोघी इकडे या, साइटवर खोली मिळते. शीतलला जायचं नव्हतं. कारण तिची मुलगी साक्षी. साक्षी सहावीत होती. धडा वाचायला उभी राहिली की बाकीची पोरं खुसफुस थांबवून ऐकायची, असं तिचं वाचन. साइटवर खोली मिळते, शाळा मिळत नाही, हे शीतलला तिच्या जावेच्या पोरांवरून ठाऊक होतं. गावात महिन्याचं काम मिळालं तर प्रेमानंद आग्रह सोडणार होता. तसं त्याने कबूल केलं होतं.

बालाजी म्हणाला, "ठरलं मग. झाडलोट, घंटा अन् संडास शीतलबाईकडं. पाण्याचं सोनाजी बघंल येता-जाता."

मी विचारलं, "पाणी वेगळं का रे बालाजी?"

"शिडी हाय ना गुरुजी. बाईमाणसाला चढाउतराची तकलीफ. दुसरं काही न्हाई."

"भाऊ," शीतल खांबाजवळूनच बोलली, "घरकुलाच्या स्लॅबला मी विटा वाहिल्या. शिडी मला नवी न्हाई."

सोनाजी बुटाने फरशीवरचा खडू घासत राहिला.

"काम द्यायचं तर पुरं द्या," शीतल म्हणाली. "पाणी बी मीच भरीन. न्हाईतर राहू द्या, मी पुण्याला जाते."

संडास धुवायला दुसरं कोणी नव्हतं. ही एवढीच तिची बाजू होती आणि तिला ते कळत होतं. बालाजीने इकडे तिकडे पाहिलं, मग हसून म्हणाला, "बराबर हाय. माणूस एक, काम एक. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काम बघू अन् मग कायम करू." संतराम सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

संडासांची कुलपं फोडावी लागली. किल्ली खरोखरच हरवलेली होती.

शीतल कामाला लागली आणि शाळेचं रूप बदललं. तिने टाकी आतून घासली. आमची टाकी म्हणजे व्हरांड्याच्या टोकाला सिमेंटच्या उंच ओट्यावर बसवलेली काळी प्लास्टिकची टाकी, खाली ओळीने नळ. गावच्या पाइपाचं पाणी अंगणातल्या तोटीपर्यंत येतं, पण टाकीत चढत नाही. ते बादलीने शिडीवरून न्यावं लागतं. शीतल पदर खोचून बादल्या न्यायची. दर शनिवारी टाकी रिकामी करून धुवायची. पुंजाजीच्या वेळी एकदा टाकीत पाल मेलेली सापडली होती, तर पोरांनी ती काडीवर धरून वर्गात मिरवली होती आणि परत जाऊन त्याच नळाचं पाणी पिऊन आली होती. आता पाणी असं नितळ असायचं की तळाची धूळ दिसावी तर तळाला धूळच नसायची.

मोठ्या पोरी दुपारच्या सुट्टीनंतरही वर्गात दिसू लागल्या. बालाजीची मुलगी पूनम साक्षीच्याच वर्गात. त्या दोघी सुट्टीत एकमेकींच्या वेण्या सोडायच्या आणि परत घालायच्या. पोरं शीतलला मावशी म्हणायला लागली. एखाद्याने घंटा वाजवू द्या म्हणून हट्ट केला की ती म्हणायची, "आधी साताचा पाढा." त्यामुळे माझ्या कच्च्या पोरांपैकी दोघांचा साताचा पाढा पाठ झाला. मला वाटलं, चाललं.

पहिली बाटली पूनमने आणली. गुलाबी, झाकणाला दोरी असलेली. पोरींनी ती हातात घेऊन बघितली. दुसऱ्या दिवशी आणखी काही आल्या. पुढच्या आठवड्यात जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात भांडीवाल्याने मला विचारलं, "गुरुजी, तुमच्या गावात काय स्पर्धा लावली का बाटल्यांची? माझा माल संपला."

मी बालाजीला गाठलं. तो सोयाबीनच्या पोत्यांवर बसून फोनवर बोलत होता. फोन ठेवून त्याने मला बसायला जागा करून दिली.

"काही न्हाई हो गुरुजी. आता घरोघर फिल्टरच्या पाण्याचे जार येतात. लेकरांना तीच सवय. ह्यात कोणाचा काय संबंध?"

"जार तर दोन वर्षांपासून येतात. बाटल्या आत्ता कशा?"

"लेकरांची हौस," बालाजी म्हणाला. "एकानं आणली की दुसऱ्याला पाहिजे. तुमाला तर म्हाईत हाय लेकरांचं." आणि त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

रागाने बोलणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. चहा पाजणाऱ्याला काय बोलणार?

मी मास्तर आहे. माझ्याजवळ एकच हत्यार, ते म्हणजे शिकवणं. मी रोज दुपारी पोरांसमोर नळाला पेला लावून पाणी प्यायला लागलो. पोरं सभ्यपणे बघत राहायची. मग एक दिवस सहावीच्या वर्गात टेबलावर दोन सारखे पेले ठेवले. एकात टाकीचं पाणी, दुसऱ्यात पूनमच्या बाटलीतलं. भिंग दिलं. म्हटलं, वास घ्या, बघा, चाखा आणि सांगा, घरचं कोणतं? वर्गात नुसता गोंधळ. कोणी डोळा पेल्याला चिकटवला, कोणी नाक. एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, ह्याच्यात घरचा वास येऊन राहिला, कांद्याचा." शेवटी पूनमने छातीठोकपणे एका पेल्यावर बोट ठेवलं. तो टाकीचा निघाला. सगळा वर्ग टाळ्या वाजवून हसला, पूनमही हसली. दाराशी झाडू घेऊन उभी असलेली शीतलही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या होत्या तशाच आल्या.

मी पूनमला जवळ बोलावलं. "काल तर बघितलंस ना बाई, पाणी सारखंच आहे."

"व्हय गुरुजी. आमाला म्हाईत हाय सारखंच हाय." ती खाली बघत म्हणाली. "पण घरी गेलं की आजी बाटली उलटी करून बघती, रिकामी झाली का."

मग माझ्या ध्यानात आलं की फाटकाजवळची जास्वंद एवढी का फुलली आहे. पोरं घरी जाताना बाटलीत उरलेलं पाणी तिच्या बुडाशी ओतत होती.

भीमनगरची पोरं काही दिवस नळालाच प्यायली. पण नळाला वाकलं की आपण कोणाचे ते सगळ्या अंगणाला दिसतं, हे त्यांना कोणी शिकवलं नाही, त्यांचं त्यांनाच कळलं. एकेकाच्या दप्तराला बाटल्या लटकू लागल्या. नवी नाही मिळाली तर थंड पेयाची रिकामी. नळापाशी शेवटी एकटी साक्षी उरली. ती सुट्टीत जायची, ओंजळ धरायची, सावकाश प्यायची, तोंड पुसायची. मग तीही दिसेनाशी झाली.

शीतल अंगण झाडता झाडता माझ्यापाशी थांबली. "काल बाजारातून बाटली आणली गुरुजी. निळी. साक्षीनं मागितली."

मी विचारलं, "पाणी कुठलं आणते?"

"घरच्या माठातलं." ती हसली, पण ते हसणं तोंडावरच राहिलं. "माठ बी मीच भरते."

मी म्हटलं, आपण वर तक्रार करू. तालुक्याला औंढ्याला जाऊ, जिल्ह्याला हिंगोलीला जाऊ. तिने झाडू भिंतीला टेकवला. "काय लिहायचं गुरुजी? लेकरं बाटल्या आणतात? कोणी मला एक शब्द बोललं न्हाई. समदे मावशी म्हणतात."

"हळूहळू होईल," मी म्हणालो. आयुष्यभर पोरांना आणि त्यांच्या आईबापांना हेच सांगत आलो होतो, आणि बहुतेक वेळा तसं झालंही होतं.

"तुमचं हळूहळू मला पुरंल का?" ती म्हणाली. "मला उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पाहिजे."

मार्च लागला आणि गावच्या विहिरीने तळ दाखवला. नळ दिवसाआड, मग त्याहून उशिरा यायला लागला. शनिवारी शीतलने टाकीची खालची तोटी उघडून धुवायला सुरुवात केली आणि बाहेर सार्वजनिक नळावर घागरी लावून बसलेल्या बायांनी ते पाणी नालीतून वाहताना पाहिलं.

"आमी घसा कोरडा करून बसलो अन् ही बाई पाण्याची नदी करून राहिली!"

"तिच्या बापाचं काय जातं?"

"प्यायला न्हाई तर न्हाई, सोडून तरी देऊ नको म्हणा."

संध्याकाळच्या आत बालाजीचा फोन संतराम सरांना आला. सर हिंगोलीहून मोटारसायकलवर येतात, पाच वाजता जातात. गावाशी वाकडं घेऊन त्यांना भागत नाही. सोमवारी त्यांनी शीतलला माझ्यासमोरच सांगितलं, "आता टाकी रिकामी करायची नाही. भरलेली ठेवायची. लोकांचे डोळे आहेत."

"सर, कोणी पीत न्हाई. नुसतं भरून ठेवलं तर सडंल ते."

"औषध टाका."

"औषध संपलं. पंचायतीत मागून आले. म्हणतात टंचाईच्या कामाला गेलं."

"मग झाकून ठेवा."

झाकण चेंडू लागून केव्हाच फुटलेलं होतं. तिने वर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि त्यावर दगड. उन्हाने काळी टाकी तापायची. आत पाणी जसंच्या तसं. मी पेलाभर घ्यायचो, कधी ती घ्यायची. एवढ्या मोठ्या टाकीला आम्ही दोघं. ती उरलेलं पाणी संडासाला वापरू म्हणाली, तर सर म्हणाले, पिण्याचं पाणी संडासात गेलं असं कोणी म्हटलं तर? तीही वाट बंद झाली.

मग मी आठवडाभर आजारी पडलो आणि ते पाणी प्यायला तीच एकटी राहिली.

सुट्टीआधीची बैठक शनिवारीच झाली. मी काठी टेकत गेलो. पोरांना सुट्टी दिली नव्हती, वर्ग चालू होते. बालाजीने शीतलच्या कामाचं आधी कौतुक केलं. अंगण स्वच्छ असतं, घंटा वेळेवर होते, पोरींची सोय झाली. हे सगळं खरं होतं आणि तो ते मनापासून म्हणत होता असं मला अजूनही वाटतं. मग म्हणाला, "एकदा टाकी बघून घेऊ."

सोनाजी आधीच शिडीवर होता. त्याला कोणी बोलावलं होतं ते मला माहीत नाही. त्याने दगड बाजूला केला, पत्रा उचलला आणि एक पांढरी पारदर्शक बाटली आत बुडवून वर काढली. खाली उतरून ती उन्हात धरली. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या, डासांच्या. वर येत होत्या, खाली जात होत्या.

"हे पाजून राहिले आमच्या लेकरांला," सोनाजी म्हणाला.

बाटली हातोहात फिरली. जो तो ती डोळ्यांपुढे धरून मान हलवायचा.

मी उभा राहिलो. "सोनाजी, कोणाचं लेकरू हे पाणी प्यायलं?"

सोनाजीने बालाजीकडे पाहिलं.

"एक नाव सांगा. मार्चपासून टाकीचं पाणी पिणाऱ्या एका लेकराचं नाव सांगा. मी बसतो खाली."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणी प्यायलं नाही असं म्हणावं, तर का नाही प्यायलं ते सांगावं लागलं असतं. आत चौथीच्या वर्गातली कविता बाहेर ऐकू येऊ लागली.

मग बालाजीच बोलला, गोड आवाजात. "गुरुजी, प्रश्न पिण्याचा न्हाई. प्रश्न कामाचा हाय."

"सर," शीतल संतराम सरांकडे वळली. "तुमीच म्हणला होता, टाकी रिकामी करू नको. गुरुजींच्या समोर म्हणला."

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "रिकामी करू नका म्हणालो होतो, शीतलबाई. घाण होऊ द्या असं नव्हतो म्हणालो."

मी म्हणालो, "सर, तुम्हाला तिने सांगितलं होतं पाणी सडेल म्हणून. मी साक्षीदार आहे."

"गुरुजी, तुमी तर आठवडाभर आलेच न्हाईत," सोनाजी म्हणाला.

त्यावर चर्चा संपली. बालाजीने दोन्ही हात वर केले, जणू भांडण मिटवतो आहे. "आमाला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई. शीतलबाईचं काम चालू राहील. झाडलोट अन् संडास त्यांनी बघावं. पाणी सोनाजी बघंल. म्या तर पहिल्याच दिवशी म्हणलो होतो."

शीतलने सहावीच्या वर्गाकडे पाहिलं. खिडकीत पोरं दाटली होती. साक्षी त्यांच्यात होती, पूनमच्या खांद्याला खांदा लावून. पहिल्या बैठकीत 'काम पुरं द्या, न्हाईतर राहू द्या' म्हणालेली ही बाई आता काय म्हणेल याची मी वाट पाहत होतो. तिने कमरेच्या जुडग्यातून अंगणातल्या तोटीच्या कुलपाची किल्ली सोडवली आणि ओट्यावर ठेवली. बाकीच्या किल्ल्या परत कमरेला खोचल्या.

"बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' कोणासाठी, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

सोनाजीने त्याच दिवशी टाकी रिकामी केली. सगळं पाणी नालीतून वाहून गेलं. सार्वजनिक नळावरच्या बायांनी पाहिलं आणि म्हणाल्या, बरं झालं, घाण गेली.

पाण्याची ओढ वाढल्यावर सोनाजीने अंगणात एक लोखंडी ड्रम आणून ठेवला. नळ आला की तो आधी टाकी भरायचा, मग ड्रम, मग तोटीला कुलूप लावायचा. संडासासाठी लागणारं पाणी शीतलने ड्रममधून घ्यायचं होतं. तिने पहिल्याच दिवशी बादली बुडवायला हात पुढे केला तर तो म्हणाला, "थांब, मी देतो. टिपाडाला हात लावू नको, गंजून राहिला तो, हात कापंल." आणि त्याने मगाने वरून तिच्या बादलीत पाणी ओतलं. ती बादली धरून उभी राहिली. रोज असंच व्हायला लागलं. ती बादली घेऊन यायची, तो हातातलं काम संपवून, कधी विडी संपवून उठायचा आणि वरून ओतायचा. ड्रम सहावीच्या खिडकीसमोरच होता.

मी सोनाजीला म्हणालो, "हे तू काय करतोस, कळतं का तुला?"

"पाणी देतो गुरुजी. न्हाई देत का?"

मी संतराम सरांकडे गेलो. ते म्हणाले, सुट्टी लागायला थोडेच दिवस आहेत. मी शीतलकडे गेलो. आता तक्रारीत लिहायला काहीतरी आहे, मी म्हणालो. तिची सासू मालनबाई दारात तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली.

"लिहा, गुरुजी. जरूर लिहा," म्हातारी म्हणाली. "पण लिहिलं की तिचं काम राहतं का ते बी लिहून द्या."

"आई, गप बसा," शीतल म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "परीक्षा होऊ द्या गुरुजी. साक्षी सातवीत गेली की बघू. एवढं वर्ष निभलं पाहिजे."

तिचं सगळं गणित साक्षीवर उभं होतं. साक्षीला मात्र तिने विचारलं नव्हतं.

शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारी साक्षी व्हरांड्यात माझ्यापाशी आली. माझी कच्ची पोरं गेली होती. तिच्या हातात मी तिला वाचायला दिलेलं गोष्टींचं पुस्तक होतं. ते तिने माझ्यापुढे ठेवलं.

"झालं वाचून?"

"अर्धं झालं."

"मग राहू दे की. सुट्टीत वाच."

"न्हाई गुरुजी. आमी पुण्याला जाऊन राहिलो." ती अगदी हळू पण स्पष्ट बोलली, धडा वाचताना बोलते तशी. "मीच बाबाला फोन लावला. म्हणले, घ्यायला या."

"साक्षी, तुझी आई हे सगळं तुझ्या शाळेसाठी सोसते आहे, बाळा."

"म्हाईत हाय." तिने नखाने व्हरांड्याच्या फरशीची फट कुरतडली. "मी वर्गात बसते. गणित करायला मान खाली घातली की मगाने पाणी ओतल्याचा आवाज येतो. मग मला काहीच दिसत न्हाई गुरुजी. फळा बी न्हाई."

मी तिथे शाळा आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, बाबा म्हणतात बघू. मी पुस्तक परत तिच्या हातात दिलं. तिने ते घेतलं, मग थोडा विचार करून पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं.

"तिथं भिजंल," ती म्हणाली.

शीतल चिडली, रडली, तिने लेकीला दोन धपाटे घातले असं मालनबाईने नंतर मला सांगितलं. पण लेकीनेच शाळा सोडल्यावर बादली धरून उभं राहायला तिच्याकडे कारण उरलं नव्हतं. प्रेमानंद आला. जायच्या सकाळी शीतल शाळेत आली. सुट्टी लागलेली, अंगणात कोणी नव्हतं. तिने सगळे वर्ग झाडले. संडास धुतले, त्यासाठी पाणी भीमनगरातून डोक्यावर आणलं. मग जुडगा माझ्याकडे दिला, सरांना द्या म्हणाली. जवळा बाजारहून पुण्याची गाडी निघते. साक्षीच्या दप्तराला निळी बाटली लटकत होती.

जूनमध्ये शाळा भरली. सोनाजी शिपाई झाला. आता त्याचा अर्ज, त्याचं काम बघणं, कायम करणं, कशाचीच गरज पडली नाही. पहिल्या आठवड्यात काही पोरांच्या हातात बाटल्या होत्या. मग कमी झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. सुट्टी झाली की सगळी पोरं नळांवर तुटून पडतात, गावातली आणि भीमनगरची, एकमेकांना ढकलत, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत. जारचं पाणी अजूनही घरोघर येतं. ते शाळेत आणावं असं कोणाला वाटत नाही. फाटकाजवळची जास्वंद उन्हाळ्यात वाळली ती पावसातही फुटली नाही.

टाकीवर तोच पत्रा आहे आणि तोच दगड. एकदा कोणी नसताना मी शिडी चढलो, अर्ध्यावर थांबून श्वास घेतला आणि पत्रा सरकवला. कडेने शेवाळ धरलं आहे. तळाला गाळ आहे. पाण्यावर काहीतरी बारीक हलत होतं. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, सोनाजीला सांगतो. सोनाजी म्हणाला, धुतो. बालाजी म्हणाला, "धुवंल की गुरुजी. पाऊस उघडू द्या." मी दुपारी पोरांना सांगतो, हे पाणी पिऊ नका. पोरं ऐकून घेतात आणि पिऊन येतात.

काल वाचनाला पूनम माझ्यापाशी बसली होती. सातवीत गेली आहे. मध्येच उठली, सोनाजीकडे जाऊन काही बोलली आणि दप्तर घ्यायला परत आली.

"कुठं चाललीस बाई? धडा राहिला."

"घरी जाऊन येते गुरुजी."

संडासाच्या दारांना पुन्हा कुलपं आहेत. सोनाजी ड्रमला टेकून बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने खिसे उलटे करून दाखवले.

"किल्ली सापडून न्हाई राहिली," तो म्हणाला.

पूनम फाटकातून बाहेर गेली. संध्याकाळची घंटा होईपर्यंत मी तिचा धडा उघडा ठेवून बसलो. ती परत आली नाही.